माझा आला, तुझा आला का?

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन यायचा. संध्याकाळी, मी ऑफिसातून येऊन दारात बूट काढत असताना. "माझा आला. तुझा आला का?" आधी एवढंच. बाकीची विचारपूस नंतर.

आला म्हणजे चेक. म्युनिसिपल बाँडच्या एका फंडात त्यांचे पैसे होते आणि त्याचं व्याज महिन्याच्या महिन्याला टपालाने घरी यायचं. माझेही पैसे त्याच फंडात आहेत असं त्या धरून चालल्या होत्या. मी म्हणायचो, "हो काकू, आला."

सहा वर्षं म्हणालो. त्या सहा वर्षांत माझा एकही चेक आला नाही, कारण माझे पैसे मी केव्हाच काढून घेतले होते. आणि ज्या दिवशी काढले, त्याच दिवशी काकूंना सांगितलं होतं की तुम्ही ठेवा.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावतो, नाटकाला पडदा ओढतो, भाषण करत नाही. कमी बोलणाऱ्याला लोक विश्वासू समजतात. हा गैरसमज माझ्या फार उपयोगी पडला. आता पन्नाशी आली, मुलगी कॉलेजात गेली. हे एकदा सलग सांगून टाकावं असं वाटतं.

काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकू नव्हेत. आम्ही नवराबायको अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो तेव्हा गावाच्या कडेला अजून मक्याची शेतं होती आणि मराठी घरं बोटावर मोजावीत इतकी. काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, मूळचे नागपूरचे. माझी नोकरी नवी, हातात पैसे नाहीत. त्यांनी आम्हाला त्यांच्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं आणि भाड्याचा विषय निघाला की काका सरळ उठून दुसऱ्या खोलीत जात. पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगात त्यांचा जुना कोट होता. काकूंनी माझ्या बायकोला गाडी शिकवली. दह्याचं विरजणही आम्हाला त्यांनीच दिलं. येताना त्यांनी ते रुमालात वाळवून नागपूरहून आणलं होतं आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांतलं दही त्याच विरजणाचं. निदान काकू तसं सांगत, आणि त्यांच्यासमोर कुणी शंका काढली नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत काका गेले. ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीपर्यंत पोचले आणि तिथेच खाली बसले. काकू तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. नोकरी कधी केलेली नाही. एकुलता मुलगा नुकताच कॉलेज संपवून कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेला. विम्याच्या पैशांतून घराचं कर्ज फिटलं आणि जे उरलं त्यावर पुढचं आयुष्य काढायचं होतं. मुलगा म्हणत होता, घर विक आणि माझ्याकडे ये.

उन्हाळ्यात एका रविवारी काकूंनी मला बोलावलं. ओट्याशी उभ्या राहून त्या भेंडी पुसत होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण त्याच्या घरात मी पाहुणी. इथे माझी गाडी आहे, माझा ओटा आहे, बेसमेंटात कुणी ना कुणी नवं बिऱ्हाड उतरतं. मला या घरातून कुणी उचलून नेऊ नये, एवढं बघ. पैसे कुठे ठेवायचे ते तू सांग."

मी त्या दिवसांत पेपरातलं पैशांचं पान वाचायला लागलो होतो आणि मला त्यातलं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. मी म्युनिसिपल बाँडच्या फंडाबद्दल सांगितलं.

"म्युनिसिपालिटी?" काकूंनी पुसायचं थांबवलं. "अरे, म्युनिसिपालिटीला कुणी आपणहून पैसे देतं का? आमच्या मोहल्ल्यात नळाला करंगळीएवढी धार यायची."

"इथली वेगळी असते काकू. शाळा बांधायची, पाण्याची टाकी बांधायची, तर गाव लोकांकडून कर्ज घेतं. त्याचे रोखे काढतं. व्याज देतं. आणि त्या व्याजावर सरकार इन्कम टॅक्स घेत नाही."

"टॅक्स घेत नाही? मग काही तरी काळंबेरं असणार बाप्पा."

"नाही हो. आणि असल्या शेकडो गावांचे रोखे एकत्र करून हा फंड केलेला असतो. एखादं गाव बुडालं तरी बाकीची असतात."

"आणि मुद्दल?"

इथे मी थांबायला हवं होतं. मला जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणायला हवं होतं. माझ्या डोक्यात आमच्या गावाकडच्या सहकारी बँकेतली मुदतठेव होती. व्याज घ्या, मुद्दल कपाटात. मी म्हणालो, "मुद्दल कुठे जातंय? जिथल्या तिथे."

"तुझे आहेत का त्यात?"

"मीही आता घालतोच आहे. मुलीच्या कॉलेजसाठी."

"मग झालं. तुझ्या पाटाला लावून माझा पाट मांड."

तसे मांडले. एकाच आठवड्यात, एकाच फंडात. दोघांनीही व्याज चेकनेच घ्यायचं ठरवलं. फंडवाल्या माणसाने मला सांगितलं होतं की व्याज परत फंडातच टाकलंत तर वर्षानुवर्षांत फार फरक पडतो. पण व्याज हातात पडल्याशिवाय ते व्याज आहे यावर माझा विश्वास बसत नसे. काकूंना तर घर चालवायचं होतं. पहिला चेक आला तेव्हा त्यांचा पहिला फोन आला. माझाही आला होता. तेव्हा मी खरं सांगितलं.

आम्ही पैसे घातले त्या उन्हाळ्यात व्याजदर जरा उतरले होते. त्यानंतर जे चढायला लागले ते वर्षभर चढतच राहिले. आता मला हे एका वाक्यात सांगता येतं: नवे रोखे जास्त व्याज द्यायला लागले की जुन्या कमी व्याजाच्या रोख्याला कुणी पूर्ण किंमत देत नाही, म्हणून त्याचा भाव पडतो, पण गाव ठरलेलं व्याज देतच असतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी शिकागोला जाणाऱ्या गाडीत रोज सकाळी पेपर उघडतो आणि आमच्या फंडाचा आकडा कालच्यापेक्षा खाली असतो.

माझे वडील एका लहानशा गावच्या नगरपालिकेत कारकून होते. जकातीची वसुली झाली नाही की पगार नाही. दोन दोन महिने नाही. मग आई मला वाण्याकडे पाठवायची आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, "नगरपालिकेचा पगार झाला नाही अजून." वाणी म्हणायचा, "नगरपालिकेचा कधी होतो?" आणि लोक हसायचे. त्या गाडीत, सूट घालून, मला ते हसणं ऐकू यायचं. भाव पडतोय याचा माझ्यापुरता एकच अर्थ होता: गावांकडे पैसे उरलेले नाहीत, आज ना उद्या पगार थांबणार. चेक वेळेवर येत होता, हे मी बघत होतो आणि तरी मला दिसत नव्हतं.

एक्याऐंशीच्या शरदात, जवळजवळ चौथाई मुद्दल कागदावरून गेलेलं असताना, मी ऑफिसच्या फोनवरून माझे सगळे पैसे विकून टाकले. ऑफिसातले सगळे तेव्हा मनी मार्केट फंडात जात होते. तिथे मुद्दल हलत नव्हतं आणि व्याज भरमसाट होतं. मीही तिथे गेलो. जेवायच्या सुट्टीआधी काम झालं. काकूंना कळवायचं, त्यांचेही काढायला सांगायचं, असं ठरवूनच मी घरी आलो. मी बूट काढत होतो तर फोन त्यांचाच.

"अरे, मंडळात कुणी तरी म्हणत होतं, बाँडवाले सगळे झोपले म्हणून. काय करू? ठेवू की काढू?"

मी एका हातात बूट धरून उभा. काढा म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मुद्दल किती उरलं. मग सांगावं लागलं असतं की जिथल्या तिथे नाही. मग क्युपर्टिनोहून मुलगा आला असता आणि घराच्या अंगणात विक्रीची पाटी लागली असती, आणि ती पाटी माझ्या शब्दामुळे लागली असती.

"ठेवा काकू," मी म्हणालो. आणि त्या काही बोलायच्या आत पुढे म्हणालो, "माझेही तिथेच आहेत."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला. दिवाळीच्या चकल्यांचा होता.

पुढे मी मनाशी असं मांडून पाहिलं की मी त्यांना वाचवलं. घाईने विकून त्यांचं नुकसान झालं असतं. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात तसं काही नव्हतं. त्या संध्याकाळी मला पक्कं वाटत होतं की फंड बुडणार. बुडणार असं वाटत असताना मी त्यांना तिथे ठेवलं, कारण मला फोनवर लाज वाटली. याहून मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही.

बायको पोळ्या लाटत होती. आपले पैसे काढल्याचं मी तिला दुपारीच फोनवर सांगितलं होतं. तिने लाटणं थांबवलं नाही.

"काकूंचेही काढलेत ना?"

"नाही."

"का?"

"त्यांना काय, व्याजाशी मतलब."

"आणि आपल्याला कशाशी होता?"

मी हात धुवायला गेलो. त्या हिवाळ्यात आमचं विरजण एकदा बिघडलं. एरवी बायको वाटी घेऊन गाडीत बसली असती आणि काकूंकडे तासभर गप्पा मारून आली असती. या वेळी तिने दुकानातलं योगर्ट आणून त्याचं विरजण लावलं. दही तार सुटणारं झालं, मुलीने नाक मुरडलं. मी म्हटलं, काकूंकडून आण की. तर म्हणाली, "तुम्ही आणा." मी काही गेलो नाही. पुढे सहा वर्षं आमच्या घरात ते तसलंच दही होतं आणि मी ते मुकाट्याने खात होतो.

पहिलं वर्षभर मी शहाणा ठरलो. माझ्या पैशांना जास्त व्याज मिळत होतं आणि काकूंच्या फंडाचा भाव तळाशी लोळत होता. त्या काळात त्यांचा फोन आला की वाटायचं, आज म्हणतील, माझा आला नाही. पण प्रत्येक महिन्याला आला. कुठल्या तरी गावाच्या शाळेने, कुठल्या तरी पुलाच्या टोलनाक्याने पैसे पाठवले. आमच्या गावच्या वाण्याला हे सांगून खरं वाटलं नसतं.

मग व्याजदर उतरायला लागले. माझं भरमसाट व्याज बघता बघता निम्म्यावर आलं आणि काकूंच्या फंडाचा भाव चढायला लागला. मला आनंद झाला. काकू सुटल्या म्हणून झाला की मी सुटलो म्हणून, ते मला विचारू नका. परत जावं असं दर महिन्याला वाटायचं. पण मी विकलं त्यापेक्षा भाव वर गेलेला. आता जास्त किमतीला घ्यायचं म्हणजे मी चुकलो हे पैसे मोजून कबूल करायचं. थांबू, जरा उतरला की घेऊ, असं करत वर्षं गेली.

फोन चालूच होते. एकदा काकूंनी चेकमधून घराचं छप्पर केलं, एकदा घर तापवणारा नवा फर्नेस बसवला. प्रत्येक वेळी मला बोलावून दाखवायच्या. "हा बघ तुझा फर्नेस," असं म्हणायच्या आणि मी त्या पत्र्याच्या पेटीपुढे मान खाली घालून उभा राहायचो. त्यांना तो विनय वाटे.

त्यातली एक गोष्ट मला अजून झोंबते. शहाऐंशीच्या सुमाराला चेक आटायला लागला. व्याजदर उतरल्यावर गावांनी जुनं महाग कर्ज मुदतीआधीच फेडून टाकलं आणि स्वस्तातलं नवं काढलं, त्यामुळे फंडाकडेच व्याज कमी येऊ लागलं. काकूंचा फोन आला.

"या खेपेला थोडा कमी वाटला रे. तुझाही?"

"हो, माझाही थोडा कमीच."

"किती कमी?"

मी म्हटलं, बघून सांगतो. फोन बाजूला ठेवला, कागद घेतला, माझे पैसे तिथे असते तर किती आले असते याचा हिशोब केला आणि आकडा सांगितला. सेंटसकट. माझी बायको समोर बसून मुलीचं स्वेटर उसवत होती. तिने मान वर केली नाही.

मंडळात माझं नाव झालं होतं. शाळेच्या जिममध्ये आमचा गणपती बसायचा. तिथे काकू नव्या आलेल्या जोडप्यांना माझ्याकडे घेऊन यायच्या. "याला विचारा. सगळे पळाले तेव्हा हा पळाला नाही." मी खुर्च्या घडी करत राहायचो. कुणी फारच मागे लागलं तर जे खरं ते सांगायचो: व्याजाकडे बघा, भावाकडे रोज बघू नका, पैसे बरीच वर्षं लागणार नसतील तरच घाला. सल्ला चांगला होता. तो मला कसा कळला, ते कुणी विचारलं नाही.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये मुलगी कॉलेजात गेली. तिला जिथे जायचं होतं तिथली फी आम्हाला पेलणारी नव्हती. ती सरकारी युनिव्हर्सिटीत गेली आणि थोडं कर्जही काढलं. "इट्स फाइन, बाबा," म्हणाली. तिने कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार एका दिवसात कोसळला. काकूंच्या मुलाचे बरेच पैसे शेअर्समध्ये होते. तो हादरला. थँक्सगिव्हिंगला घरी आला तो आईला घेऊनच जायचं ठरवून. तिचे पैसे फंडातून काढायचे, हे घर विकायचं आणि त्याच्या घराला मागे एक खोली वाढवायची. काकूंचा मला फोन आला.

"उद्या दोघं जेवायला या. माझं तो ऐकत नाही. पैशाचं तू सांगितलंस तर ऐकेल."

मी त्या रात्री त्यांचा सगळा हिशोब मांडला. या वेळी खरा. सुरुवातीपासूनचे चेक, आजचा भाव. मांडल्यावर माझ्याच लक्षात आलं: सात वर्षांत भाव इतका खाली जाऊन, इतका वर येऊन, शेवटी जिथून निघाला त्याच्या किंचित खालीच उभा होता. जी काही कमाई झाली ती सगळी त्या महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या चेकांची. मी रोज गाडीत पेपर उघडून ज्या आकड्याला भ्यायलो, त्याचा शेवटी फारसा संबंधच नव्हता.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता आणि दुकानातून आणलेला पंपकिन पाय. मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर, काकांसारखा उंच, मराठी कळतं पण बोलायला लागला की इंग्रजीत शिरतो.

"काका, आय ॲम नॉट फायटिंग विथ हर," तो मला म्हणाला. "पण ती एकटी आहे. स्नो आहे. अँड हर मनी इज इन वन प्लेस. जस्ट टेल मी स्ट्रेट. हे किती सेफ आहे?"

मी कागद काढून त्याला समजावलं. चेक किती आले, भाव कुठे होता, कुठे गेला, कुठे आला. पुढेही पडेल, हेही सांगितलं. त्याने कागद आपल्याकडे ओढला, बोटाने आकडे जुळवले.

"ओके. दॅट्स ॲक्च्युअली नॉट बॅड," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा तर बरंच. अँड यू हॅड द सेम? तुमचं टोटल किती झालं, काका?"

"सेमच असणार ना," काकू रस्सा वाढता वाढता म्हणाल्या. "पाटाला पाट लावून बसलोय आम्ही."

माझ्या बायकोने हातातला घास ताटात परत ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा एकदा निभावून नेलं असतं. आकडा तयारच होता. पण तो मुलगा माझ्या आकड्यावरून त्याच्या आईचं घर ठरवणार होता.

"माझे तिथे नाहीत," मी म्हणालो.

काकूंना वाटलं मी काही तरी दुसरं म्हणालो. "काय नाहीत?"

"पैसे. मी काढले होते. एक्याऐंशी साली."

"एक्याऐंशी म्हणजे..." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "मी विचारलं होतं ना तुला फोन करून? चकल्या करत होते मी."

"त्याच दिवशी सकाळी काढले."

"वेट," मुलगा म्हणाला. "यू टोल्ड हर टू स्टे, अँड यू गॉट आउट?" आणि आईकडे वळला, "सी? धिस इज हू यू लिसन टू!"

"तू थांब जरा," काकू त्याला म्हणाल्या. मग मला, "बुडेल असं वाटलं होतं तुला?"

"हो."

"आणि मला ठेव म्हणालास."

"हो."

"दर महिन्याला आला म्हणायचास."

"हो."

"कमी आला तेव्हा आकडा सांगितला होतास. मी तो माझ्या आकड्याशी ताडून पाहिला होता. बरोबर होता." त्या खुर्चीत बसल्या. "सहा वर्षं मी तिथे एकटीच होते म्हण की."

मुलाने आवाज उतरवून म्हटलं, "सो कम विथ मी, आई. प्लीज."

"काहून?" काकू म्हणाल्या. "खोटं हा बोलला, तर घर माझं का जाईल? चेक तर खरे आले ना? छप्पर झालं, फर्नेस झाला. बँकेने एकही परत नाही केला. पैसे आहेत तिथे राहतील. मी आहे तिथे राहीन. तुला खोली वाढवायची तर वाढव, मी उन्हाळ्यात येईन महिनाभर." मग माझ्याकडे न बघता, "तू आता जा."

आम्ही दोघं उठलो.

"तू थांब," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "तुझं जेवण व्हायचंय. हा जाईल."

मी गाडी बायकोसाठी ठेवली आणि चालत निघालो. त्यांच्या घरापासून आमचं घर तसं जवळ, पण फुटपाथ निसरडा होता आणि दुपारच्या त्या वेळी घराघरांतून फुटबॉलच्या मॅचचा आवाज येत होता. मी काही रडलो वगैरे नाही. मला भूक लागली होती, एवढं आठवतं, आणि भूक लागल्याची लाज वाटली.

बायको अंधार पडता पडता आली. तिच्या हातात झाकण लावलेली स्टीलची वाटी होती.

"काही म्हणाल्या?"

"मला विचारलं, तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं."

"मग?"

"मी भांडी घासली. मग म्हणाल्या, तुझं विरजण कधीचं संपलंय?"

तिने त्या रात्री दूध कोमट करून दही लावलं. मी शेजारी उभा होतो. तिने मला जा म्हटलं नाही.

डिसेंबरात काकूंचा फोन आला नाही. जानेवारीतही नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी बूट काढायला उगीच वेळ लावायचो. संक्रांतीला मंडळात दिसल्या. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, "गोड बोला" म्हणायचं टाळलं. मंडळात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. लोक अजूनही मला विचारायला येत. मी म्हणायचो, मला विचारू नका, मी पळालेला माणूस आहे. त्यांना तोही विनयच वाटायचा.

वसंतात मी थोडे पैसे परत त्याच फंडात घातले. मुलीच्या फीमधून उरतील तेवढेच. विकले होते त्यापेक्षा बरीच जास्त किंमत देऊन. प्रायश्चित्त वगैरे मी म्हणणार नाही. तो पैसा कुठे तरी ठेवायचाच होता, आणि आता भाव पडला तरी गाव पगार देतं हे मला सात वर्षांचा हिशोब मांडून का होईना, कळलं होतं. पुढच्या महिन्यात चेक आला. लहानसा. मी बूट न काढताच फोन केला.

"काकू, माझा आला."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"कसला?"

"चेक. परत घातलेत. थोडेच आहेत."

"वाचून दाखव."

"काय?"

"चेकवर काय लिहिलंय ते. आकड्यात नको, अक्षरात."

मी पाकीट फाडून चेक काढला आणि दारात उभा राहून वाचला. डॉलर आणि वर सेंट. बायको आतून ऐकत होती.

"एवढासाच?" काकू म्हणाल्या.

"एवढाच."

"बरं. माझा नाही आला अजून. तुमच्याकडे पोस्टमन आधी येतो वाटतं."

आणि त्यांनी नळ परत सोडला. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. फोन पुन्हा त्यांचाच येतो, पहिल्या आठवड्यात, मी बूट काढत असताना. पण मी नुसतं "आला" म्हटलेलं त्यांना चालत नाही. अजून नाही. चेक समोर धरून मी तो अक्षरात वाचतो आणि त्या शेवटच्या सेंटपर्यंत ऐकून घेतात.